फुगवायची कयाक टणक होत नाही? पंप बदलण्याआधी हे तपासा

देवबागला आमच्या घरामागे कर्ली खाडी आहे. माझ्याकडे फुगवायच्या चार कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या छोट्या होड्या, आहेत. शिवाय पुण्या-मुंबईचे पाहुणे हल्ली स्वतःची कयाक डिकीत टाकून आणतात. त्यामुळे शनिवारी सकाळी आमच्या अंगणात ठरलेलं चित्र असतं: कोणीतरी घामाघूम होऊन पंप मारतंय, बायको-मुलं लाइफ जॅकेट घालून ताटकळत उभी आहेत आणि शेजारचा पोरगा कुंपणावरून सांगतोय, "ह्या काय फुगना नाय!" मग मला हाक येते. पाहुण्याचं निदान आधीच झालेलं असतं. एकतर "पंक्चर आहे", नाहीतर "पंप बकवास आहे". बहुतेक वेळा दोन्ही चूक निघतं.

ही तक्रार मी इतक्या वेळा निस्तरली आहे की आता आधी लक्षण विचारतो आणि मगच हात लावतो. तुम्हीही तसंच करा.

लक्षण कोणतं ते आधी ठरवा

- कयाक भरलेली दिसते, पण माणूस बसला की बाजेला पडते तशी मधोमध झोळ पडते.
- पंपाची नळी काढली की फुस्स करून सगळी हवा जाते.
- किनाऱ्यावर टणक होती, पाण्यात घातल्यावर वीस-तीस मिनिटांत मऊ पडली. मात्र त्यानंतर तेवढीच राहिली, आणखी बसली नाही.
- रात्री भरून ठेवली, सकाळी एकच कप्पा बसलेला, बाकीचे ठीक.
- पंपाचा दांडा लोण्यातून सुरी जावी तसा खाली-वर होतो, जोर लागतच नाही.
- विजेचा पंप घरघरतो, पण दाब चढत नाही, किंवा मधेच बंद पडतो.
- कयाकवर एका जागी टेंगूळ आलंय.

शेवटचं लक्षण असेल तर पंप खाली ठेवा, थोडी हवा सोडा आणि थेट या लेखाच्या शेवटी जा. मधलं काही करू नका.

तुमच्या कयाकला दाब किती लागतो?

हे तपासायला पैसा लागत नाही, तरी दहातले सहा जण तपासत नाहीत. व्हॉल्व्हजवळ किंवा कयाकच्या कडेला आकडा छापलेला असतो. साध्या पीव्हीसीच्या, हजारांच्या घरात मिळणाऱ्या कयाकला साधारण 1 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरतो. जाड कापडी आवरणाच्या कयाकला दीड ते तीन लागतो. आत हजारो धाग्यांनी वरचा आणि खालचा पडदा बांधलेला असा फळीसारखा सपाट तळ असेल, तर त्या तळाला 6 ते 10 लागतो. बार दिले असतील तर 1 बार म्हणजे 14.5 पीएसआय. 0.1 बार वाचून "एवढाच?" असं वाटेल, पण तो दीड पीएसआय झाला आणि तेवढाच हवा आहे.

गाडीच्या टायरला 30-32 पीएसआय भरायची सवय असलेल्या माणसाला 1 पीएसआय म्हणजे काहीच वाटत नाही. म्हणून तो पंक्चरवाल्याकडे जातो. कृपा करून जाऊ नका. त्या टाकीतल्या हवेचा दाब शंभर पीएसआयच्या वर असतो आणि कयाकची शिवण एका क्षणात उसवते. माझ्या डोळ्यांसमोर झालंय. आवाज लग्नातल्या सुतळी बॉम्बसारखा आला.

आकडा सापडलाच नाही तर स्वस्त कयाकवर बहुधा एक छापील पट्टी असते ती शोधा. रिकाम्या कयाकवर ती आखूड असते. हवा भरली की प्लास्टिक ताणतं, तशी पट्टीही लांबते. ती सांगितलेल्या मापाला आली की थांबायचं. मीटरपेक्षा मला हीच पद्धत जास्त भरवशाची वाटते, कारण टायरच्या पंपावरच्या दीडशेपर्यंतच्या मीटरला 1 पीएसआय दिसतच नाही.

नळी काढताच फुस्स: व्हॉल्व्हची खुंटी बघा

पहिल्यांदा कयाक घेणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. व्हॉल्व्ह मुख्यतः दोन तऱ्हेचे असतात.

एक खुंटीचा, हॅल्की-रॉबर्ट्स म्हणतात तो. मधे स्प्रिंगवर बसलेली छोटी खुंटी असते. ती बोटानं दाबून थोडी फिरवली की खाली अडकते, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा. पुन्हा दाबून फिरवली की टकदिशी वर येते, म्हणजे हवा आत जाईल, बाहेर येणार नाही. मागच्या वेळी हवा काढताना खुंटी खाली अडकवलेली असते आणि ती तशीच गुंडाळली जाते. पुढच्या शनिवारी माणूस तासभर पंप मारतो, नळी काढतो आणि फुस्स. भरण्याआधी खुंटी वर आहे ना, एवढंच बघायचं.

दुसरा बोस्टन व्हॉल्व्ह. त्याला दुमजली झाकण असतं. वरचं छोटं झाकण उघडून हवा भरायची, खालचं मोठं झाकण उघडून काढायची. खालच्या झाकणाच्या पोटात रबराचा पातळ पडदा असतो, तोच हवा अडवतो. घाईत दोन्ही झाकणं एकदम फिरतात आणि माणूस उघड्या भोकात पंप मारत राहतो. शेवटी वरचं झाकण घट्ट लावायला विसरू नका. नुसत्या पडद्याच्या भरवशावर तास-दोन तास निघतात, दिवस निघत नाही.

या बोस्टनची आणखी एक गंमत. पंपावरचा काटा फक्त दांडा दाबताना हलतो आणि थांबलात की शून्यावर येतो. "हवा गेली!" म्हणून लोक घाबरतात. गेलेली नसते. पडदा मिटला, त्यामुळे नळीतला दाब उतरला, कयाकमधला जागेवर आहे. शिवाय दांडा दाबताना दिसणारा आकडा नळीचा असतो, कयाकमधला दाब त्याहून जरा कमीच असतो.

पाण्यात मऊ पडते, पण नंतर तशीच राहते: हे पंक्चर नाही

यावर जरा जास्त बोलतो, कारण याच एका कारणापायी लोक चांगले पंप फेकतात आणि धडधाकट कयाकवर पॅचेस मारतात.

गेल्या मे महिन्यात एक कुटुंब आलं होतं. दुपारी दोनला, रणरणत्या उन्हात, त्यांनी कयाक भरली. मीटरवर दीड पीएसआय, बोटानं टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज. खाडीत उतरले आणि कांदळवनापर्यंत पोचेस्तोवर कयाक लिबलिबीत. परत येऊन म्हणाले, "दादा, नक्की कुठेतरी बारीक भोक आहे." मी तासभर कयाक सावलीत पाण्यावर बांधून ठेवली. आणखी एका कणानंही मऊ झाली नाही. भोक असतं तर थांबली असती का?

झालं असं. उन्हात आतली हवा तापून समजा 45 अंश झाली होती. खाडीच्या पाण्याला लागून ती 27 अंशांवर आली. हवा थंड झाली की दाब उतरतो, आणि तो नुसत्या मीटरवरच्या दीड पीएसआयच्या हिशेबात उतरत नाही. आपल्या भोवतीच्या हवेचा 14.7 पीएसआय त्यात धरावा लागतो. म्हणजे 16.2 चे साधारण साडेपाच टक्के, जवळजवळ 0.9 पीएसआय. दीडातून 0.9 गेले, उरले 0.6. कापड थोडं आवळतं म्हणून प्रत्यक्षात घट जराशी कमी होते, पण बसणाऱ्याला झोळ जाणवायला तेवढी पुरते. एवढाच फरक गाडीच्या 32 पीएसआयच्या टायरला पडला तर अडीच पीएसआय उतरतील आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. कयाकमध्ये मुळात दाबच चिमूटभर, म्हणून तिची निम्मी-अधिक हवा गेल्यासारखी वाटते.

उपाय फुकट आहे. कयाक सावलीत भरा. पाऊण भाग भरून पाण्यात ढकला, दहा मिनिटं तशीच तरंगू द्या, मग वरची भर घाला. पंप सोबत घेऊन पाण्याच्या कडेपर्यंत जायला लाजू नका.

याची उलटी बाजू जास्त धोक्याची. पाण्यात नीट टणक असलेली कयाक जेवणाच्या वेळी वाळूवर ओढली आणि उन्हात सोडली, की हाच हिशेब उलटा चालतो. माझी पहिली कयाक अशीच गेली. मी मासे-भात खात होतो, बाहेर फाट्कन आवाज आला. दोष ना पंपाचा होता ना कंपनीचा, माझाच. तेव्हापासून किनाऱ्यावर ओढली की आधी खुंटी दाबून थोडी हवा सोडायची, हा आमच्याकडे नियम आहे.

पंपाची तळहात-चाचणी

वरचं सगळं ठीक निघालं तर आता पंपाकडे वळा. नळी कयाकपासून काढा. नळीच्या तोंडावर तळहात गच्च दाबून धरा आणि दुसऱ्या माणसाला दांडा दाबायला सांगा. दांडा मधेच अडला, हात ढकलला गेला तर पंप ठीक. दांडा निवांत खाली गेला तर हवा पंपातूनच निसटते आहे.

आता नळी काढून पंपाच्या तोंडावरच हात ठेवून तेच करा. इथे अडला, पण नळी लावल्यावर अडत नाही, म्हणजे दोष नळीचा. नळी दोन्ही टोकांना वळते तिथे चिरते. पाण्यात बुडवून बघा, बुडबुडे सांगतील. टोकाकडची चीर असेल तर तेवढा तुकडा कापून नळी परत बसवा.

नळीच्या तोंडाशी, व्हॉल्व्हमध्ये अडकवायच्या भागात, एक रबरी वॉशर असतो. तो वाळूत पडतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मी तीन पंप "बिघडले" म्हणून ऐकले आणि तिन्हीत वॉशर नव्हता. ऑइल सील आणि बेअरिंगच्या दुकानात मापाचा वॉशर किरकोळ पैशात मिळतो. जुना हरवला असेल तर नळीचं तोंडच घेऊन जा, अंदाजानं आणू नका. आणि टोकाला चिंध्या, टेप गुंडाळून घट्ट करायचा प्रयत्न नको. 1 पीएसआयला चालतं, तीनला सुटून तोंडावर येतं.

दांडा अडतो, पण माणसाचा जोर संपतो: पंप चुकीचा आहे

पंप बिघडलेला नसतो, पण कामाचाही नसतो, अशी ही अवस्था. भरपूर हवा ढकलणं वेगळं आणि दाब चढवणं वेगळं. एकाच पंपाला सहसा दोन्ही नीट जमत नाही.

गाद्या फुगवायचा छोटा विजेचा पंप पाच मिनिटांत कयाक भरून देतो, पण त्याचा दम अर्ध्या पीएसआयच्या आसपास संपतो. त्यानंतर तो कितीही घरघरला तरी कयाक आहे तिथेच. याउलट टायरचा कॉम्प्रेसर दाब देतो, पण हवा ठिबकल्यासारखी. दोन माणसांच्या कयाकमध्ये साडेतीनशे-चारशे लिटर हवा मावते. मिनिटाला 30 लिटर देणाऱ्या कॉम्प्रेसरला बारा-तेरा मिनिटं लागतील आणि तोवर तो हात भाजेल इतका तापलेला असेल.

हातपंपात गोम जाडीची आहे. 10 सेंमी रुंद नळकांड्याच्या पंपात एका झटक्यात भरपूर हवा जाते. मात्र 1 पीएसआयला त्याच्या दांड्यावर साडेपाच किलोचा जोर लागतो, 8 पीएसआयला थेट 44 किलोचा. घरच्या मुलीनं सगळं अंग टाकलं तरी तो दांडा खाली जाणार नाही. तेच नळकांडं 6 सेंमीचं असेल तर 8 पीएसआयला 16 किलोंत भागतं. फेऱ्या जास्त माराव्या लागतील, पण दाब चढेल. म्हणून साध्या कयाकला रुंद पंप घ्या, फळीसारख्या तळाला बारीक. दोन्ही लागत असतील तर दोन नळकांड्यांचा पंप मिळतो.

तुमचा पंप दांडा खाली दाबताना आणि वर ओढताना, दोन्ही वेळा हवा भरत असेल, तर त्याच्या डोक्याजवळ छोटं बूच किंवा खटका शोधा. जोर लागायला लागला की ते बूच काढायचं. मग वर ओढताना दांडा मोकळा येतो आणि फक्त दाबताना काम होतं. कमरेला खरा आराम इथे मिळतो. हे बूच पहिल्याच दिवशी हरवतं. हरवलंच तर दोन्हीकडून भरणं बंद होतं आणि पंप "अर्धाच चालतो" अशी तक्रार येते. दोरीनं बांधून ठेवा.

दट्ट्या कोरडा पडला

तळहात-चाचणीत पंप नापास झाला आणि नळीही ठीक आहे, तर वरचं झाकण फिरवून दांडा बाहेर काढा. दट्ट्याभोवती रबरी कडी असते. ती खाऱ्या हवेत कोरडी पडते, तिला वाळूचे कण चिकटतात आणि ते नळकांड्याला चरे पाडतात. कडी आणि नळकांडं गोड्या पाण्यानं धुवा, सुकवा आणि कडीला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. आमच्याकडे पहिला हात खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो. तेल, व्हॅसलीन, गाडीचं ग्रीस, काहीच नको. त्यानं बऱ्याच जातीचं रबर फुगतं आणि महिन्याभरात कडी फणसाच्या चिकासारखी चिकट होते. कडी चिरली असेल तर बदला. नळकांड्यालाच नखाला लागतील असे चरे पडले असतील, तर तो पंप पाणी उपसायला ठेवा, हवेसाठी नवा घ्या.

विजेचा पंप

गाडीच्या लायटर सॉकेटवर चालणारा 12 व्होल्टचा पंप सहज 10 अँपिअर ओढतो. बंद पडला तर आधी सॉकेटचा फ्यूज बघा, मग पंपाच्या पिनमधला. इंजिन चालू ठेवा, पण गाडी मोकळ्यावर असू द्या. पातळ वायर जोडून लांबवली असेल तर पंपापर्यंत पूर्ण व्होल्ट पोचतच नाहीत, तो रडतरडत फिरतो. मधेच बंद पडून पंधरा मिनिटांनी आपोआप चालू होत असेल, तर तो तापून थांबतो आहे. त्याला सावलीत ठेवा. एक कप्पा झाला की विश्रांती द्या. हवेची भोकं वाळूवर टेकवू नका, खाली पुठ्ठा टाका.

एकच कप्पा बसतो: आता गळती शोधा

कयाक सावलीत टणक भरा. बादलीत भांडी घासायच्या साबणाचा फेस करा आणि ब्रशनं आधी व्हॉल्व्हवर लावा. आधी व्हॉल्व्हच, कारण कापडापेक्षा गळती तिथेच जास्त सापडते. मधोमध बुडबुडा आला तर पडद्यात किंवा खुंटीच्या बैठकीत वाळूचा कण आहे. हवा काढा, पाण्यानं धुवा, कापसाच्या काडीनं पुसा. व्हॉल्व्हच्या कडेभोवती बुडबुडे आले तर व्हॉल्व्ह ढिला आहे. हॅल्की-रॉबर्ट्ससाठी प्लास्टिकची खास चावी मिळते. कयाक थोडी मऊ करून आतली चकती बाहेरून हातानं घट्ट पकडायची आणि चावीनं आवळायचं. पकडीनं आवळू नका, दात तुटतात.

व्हॉल्व्ह कोरडा निघाला तर शिवणी, मग तळ. बारीक भोक सापडलं तर पॅच घरी मारता येतो. मात्र सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन पीव्हीसीवर धरत नाही. आज चिकटलंसं वाटतं, उद्या उन्हात सोलून येतं. पीव्हीसीचा गम आणि पीव्हीसीचंच कापड घ्या, भोकापेक्षा चारही बाजूंनी किमान 3 सेंमी मोठं, कोपरे गोल कापलेलं. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, दाबून चिकटवा आणि चोवीस तास हवा भरू नका. पावसाळ्यात दमट हवेत हे काम घेऊच नका.

इथे थांबा

टेंगूळ आलं असेल तर कयाकच्या पोटात वरचा-खालचा भाग बांधून ठेवणारा पडदा किंवा धागे सुटलेत. बाहेरून पॅच मारून ते परत चिकटत नाहीत आणि हवा भरत राहिलात तर शेजारचेही सुटतात. शिवण बोटभर उसवली असेल, तीन कापडं एकत्र येतात त्या कोपऱ्यात गळत असेल, व्हॉल्व्ह मुळासकट कापडापासून सुटला असेल, किंवा त्याच जागी दोनदा पॅच मारूनही हवा जात असेल, तर हात लावू नका. राफ्ट दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंग चालतं, तिथल्या लोकांना असल्या कापडाची आणि गमाची रोजची सवय आहे. आतली शिवण दुरुस्त करायला कयाक कापून उघडावी लागते. स्वस्त कयाकला तो खर्च परवडतो का, ते आधी विचारा. नसेल परवडत तर ती पाण्यात नेऊ नका, निम्म्या कप्प्यांवरसुद्धा नाही. आमच्या खाडीच्या तोंडाशी ओहोटीची ओढ अशी असते की मऊ कयाक वल्ह्याला दाद देत नाही.

बॅटरीचा पंप खाऱ्या पाण्यात पडला असेल तर सुकवून चार्जिंगला लावायचा नाही. लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. तो घराबाहेर मोकळ्या जागी ठेवा आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे न्या.

कयाक दुरुस्तीला नेताना एक करा. गळतीची जागा फुगलेल्या अवस्थेतच पक्क्या मार्करनं गोल करून ठेवा आणि फोटो काढा. चपटी घडी करून नेलेल्या कयाकमध्ये ती जागा कारागिराला पुन्हा शोधावी लागते आणि त्याचे पैसे तो वेगळे लावतो.